पांढऱ्या पेशींतलं बीटा-ग्लुकोसिडेझ फ्लुओरेसन्सने मोजताना: नमुन्यापासून अहवालापर्यंत

गॉशर या आनुवंशिक आजारात बीटा-ग्लुकोसिडेझ हे एन्झाइम कमी पडतं, म्हणून निदानासाठी ते रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये मोजतात. न चमकणारा एक सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं ते रसायन, एन्झाइमला द्यायचा. एन्झाइम त्यातली साखर तोडतं आणि ४-मिथिलअंबेलिफेरोन, म्हणजे ४-एमयू, मोकळं होतं. त्यावर ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की ते ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळं चमकतं. जेवढी चमक तेवढं काम झालं. कागदावर पद्धत सोपी दिसते, पण तिच्यात एक मोठी अडचण आहे. होणारी बहुतेक प्रत्येक चूक आकडा खाली ओढते, आणि आजाराची खूणही खाली आलेला आकडाच असते. नमुना उन्हात राहिला, पेशी नीट फुटल्या नाहीत, पीएच चुकला, प्रोटीन जास्त मोजलं गेलं (उत्तर दर मिलिग्रॅम प्रोटीनमागे काढतात), तर निरोगी मूलसुद्धा कागदावर रुग्ण ठरू शकतं.

म्हणून प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न स्वतःला विचारा: इथे आकडा खोटा कमी व्हायची वाट कुठे आहे? खालची मापं ९६ खळग्यांच्या प्लेटसाठी आहेत. तुमच्या प्रयोगशाळेची पद्धत थोडी वेगळी असली तरी क्रम आणि तपासण्या त्याच राहतात.

## १. नमुना यायच्या आधीची तयारी

रक्त हातात आल्यावर द्रावणं करायला बसलात तर उशीर झालेलाच असतो. हे सगळं आदल्या दिवशी तयार हवं.

लाल पेशी फोडायचं द्रावण. १ लिटर पाण्यात अमोनियम क्लोराइड ८.३ ग्रॅम, पोटॅशियम बायकार्बोनेट १ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ३७ मिलिग्रॅम. पीएच ७.४. फ्रिजमध्ये ठेवा आणि थंडच वापरा.

आम्लधर्मी बफर. ०.२ मोलर डायसोडियम फॉस्फेट साधारण ५६ मिलि आणि ०.१ मोलर सायट्रिक आम्ल साधारण ४४ मिलि मिसळलं की पीएच ५.४ च्या जवळ येतो. शेवटचं माप मीटरवरच घ्या, आणि मीटर त्याच दिवशी ४ आणि ७ च्या बफरवर लावून घेतलेला असू द्या.

सब्स्ट्रेट. ४-एमयू-बीटा-डी-ग्लुकोपायरॅनोसाइड, ५ मिलिमोलर: १० मिलि बफरमध्ये १६.९ मिलिग्रॅम. त्यातच शुद्ध सोडियम टॉरोकोलेट (पित्तातला, डिटर्जंटसारखा क्षार) ३० मिलिग्रॅम. हा सब्स्ट्रेट सहज विरघळत नाही. कोमट पाण्यात धरून, मधूनमधून हलवत, द्रावण पूर्ण नितळ होईपर्यंत थांबा. तळाशी कण राहिले तर प्रत्येक खळग्यात वेगळं प्रमाण जाईल आणि जोडीचे आकडे जुळणार नाहीत.

टॉरोकोलेट वगळून चालत नाही. पेशींमध्ये साखर तोडणारी बीटा-ग्लुकोसिडेझ एकाहून जास्त आहेत. गॉशरमध्ये कमी पडतं ते लायसोसोममधलं, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांमधलं. आम्लधर्मी पीएच आणि टॉरोकोलेट ही जोडी त्याला कामाला लावते आणि बाकीच्यांना दाबते. टॉरोकोलेट विसरलं तर निरोगी माणसाचा आकडा पडतो आणि रुग्णाच्या नमुन्यात इतर एन्झाइमची चमक मिसळते, म्हणजे दोघांतलं अंतरच पुसलं जातं. नवी बाटली उघडली की निरोगी नमुन्यावर तीन वेगवेगळ्या प्रमाणांत वापरून बघा आणि सगळ्यात जास्त आकडा देणारं प्रमाण ठरवा. स्वस्तातलं अशुद्ध टॉरोकोलेट दर लॉटला वेगळं वागतं.

थांबवायचं द्रावण. ०.२५ मोलर ग्लायसीन, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १०.६ वर आणलेलं. याची दोन कामं आहेत: एन्झाइम थांबवणं आणि ४-एमयूला चमकवणं. आम्लात ४-एमयू ३६५ नॅनोमीटरवर नीट चमकत नाही, पूर्ण चमक अल्कधर्मी द्रावणातच येते.

> तपासा: पाणी २ मिलि, सब्स्ट्रेट नसलेला बफर ४ मिलि आणि थांबवायचं द्रावण २० मिलि मिसळून पीएच मोजा. तो १० च्या वर हवा. खाली आला तर ग्लायसीनचं द्रावण जुनं झालंय किंवा चुकीचं बनलंय. बंद नसलेल्या बाटलीत ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि पीएच हळूहळू उतरतो.

४-एमयूचं स्टँडर्ड. १७.६ मिलिग्रॅम थोड्या मिथेनॉलमध्ये विरघळवून १०० मिलि करा, म्हणजे १ मिलिमोलर. १.७६ मिलिग्रॅम वजन करून १० मिलि करण्याच्या फंदात पडू नका, साध्या तराजूवर तेवढं वजन भरवशाचं येत नाही. बाटलीवरचं नाव दोनदा वाचा. ४-एमयूचा सोडियम क्षारही मिळतो. त्याचा रेणुभार १९८ आहे, साध्या ४-एमयूचा १७६. अदलाबदल झाली तर सगळे निकाल साधारण १२ टक्क्यांनी वर जातात. स्टँडर्ड गडद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा.

काचेच्या भांड्यांबद्दल एक गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितली जाते. कपडे धुवायच्या पावडरमध्ये कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जे रसायन घालतात ते नेमकं याच प्रकाशात निळं चमकतं. तशा पावडरने धुतलेल्या बीकरमध्ये बफर केलात तर ब्लँक (एन्झाइमचं काम न झालेल्या खळग्याची चमक, जी वजा करायची असते) चढतो आणि कारण सापडत नाही. पांढऱ्या टिश्यू पेपरचे तंतूही तसेच. या चाचणीसाठी नव्या प्लॅस्टिक ट्यूब वापरा.

## २. रक्त घेणं आणि पाठवणं

ईडीटीए किंवा हेपॅरिनच्या (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या) ट्यूबमध्ये ५ मिलि. दोन्ही चालतात, पण तुमच्या संदर्भ आकड्यांसाठी जी ट्यूब वापरली तीच रुग्णासाठी वापरा. पांथरी वाढलेल्या रुग्णात पांढऱ्या पेशी बरेचदा कमी असतात, आणि गॉशरचा संशय असलेल्यांत ही नेहमीची गोष्ट आहे. त्यांच्याकडून शक्य असेल तर ८ ते १० मिलि घ्या, लहान बाळ असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवा.

फॉर्मवर तीन प्रश्न असायलाच हवेत. गेल्या काही आठवड्यांत रक्त चढवलंय का? अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालंय का? एन्झाइमचं इंजेक्शन सुरू आहे का? पहिल्या दोन्हींत तुम्ही दात्याच्या पेशी मोजत असाल. तिसऱ्यात नमुना पुढच्या डोसच्या लगेच आधी घ्यायला सांगा. रुग्ण असूनही आकडा ठीकठाक दिसायच्या वाटा इथे आहेत, आणि त्या प्लेटवर कधीच दिसत नाहीत. विचारल्याशिवाय कळतच नाहीत.

रक्त ४ अंशांच्या आसपास ठेवा आणि २४ तासांत, फार तर ४८ तासांत पेशी वेगळ्या करा. बाहेरगावचा नमुना असेल तर सोमवार ते बुधवारच घ्यायला सांगा. शुक्रवारी निघालेली पेटी रविवारभर कुरिअरच्या गोदामात पडून राहते, आणि मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडच्या उन्हात त्या रक्ताचं काय होईल हे वेगळं सांगायला नको.

> सावध: बर्फाची पिशवी थेट ट्यूबला टेकवू नका. मध्ये जाड कापड किंवा थर्माकोल ठेवा. रक्ताचा बर्फ झाला की लाल आणि पांढऱ्या सगळ्याच पेशी फुटतात, मग पांढऱ्या पेशी वेगळ्या काढणं अशक्य. असा नमुना परत पाठवा, "बघू या काय येतं" म्हणून चालवू नका.

दुरून येणाऱ्या प्रत्येक नमुन्यासोबत, त्याच वेळी घेतलेला आणि त्याच पेटीत आलेला एका निरोगी, नात्यात नसलेल्या माणसाचा नमुना मागा. दोन्ही नमुन्यांनी सारखाच प्रवास केलेला असतो. निरोगी माणसाचा आकडाही पडला असेल तर दोष प्रवासाचा. आईवडील किंवा भावंडं या कामाला चालत नाहीत, कारण ते वाहक, म्हणजे दोषी जनुकाची एकच प्रत असलेले, असू शकतात.

## ३. पांढऱ्या पेशी वेगळ्या करणं

१. ट्यूब ५०० जी वर १० मिनिटं, ४ अंशांवर फिरवा. वरचा प्लाझ्मा काढून दोन छोट्या ट्यूबमध्ये गोठवा. तो टाकून देऊ नका, कायटोट्रायोसिडेझ (गॉशरमध्ये वाढणारं दुसरं एन्झाइम) तपासायला पुढे लागेल. प्लाझ्मा काढताना लाल पेशींवरचा पातळ पांढुरका थर हलवू नका, तुमचा खरा नमुना तोच आहे.

२. उरलेल्या पेशी ५० मिलिच्या ट्यूबमध्ये घ्या, थंड फोडायचं द्रावण २० मिलि घाला. हलक्या हाताने उलटसुलट करा, बर्फात १० मिनिटं ठेवा. द्रावण गढूळ लालऐवजी पारदर्शक लाल झालं की लाल पेशी फुटल्या.

३. ५०० जी वर १० मिनिटं फिरवा, वरचं द्रावण ओता. तळाचा पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला पेशींचा गोळा, बघा.

४. गुलाबी असेल तर १० मिलि द्रावण घालून पुन्हा ५ मिनिटं. वेळ वाढवत नेऊ नका, १५ मिनिटांच्या पुढे पांढऱ्या पेशीही फुटायला लागतात.

५. थंड ०.९ टक्के सलाइनने एकदा धुवा, फिरवा, सलाइन पूर्ण काढा.

सेंट्रिफ्यूजवर जी (गुरुत्वाच्या पटीत जोर) आणि आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) यांची गल्लत रोज होते. दुसऱ्या प्रयोगशाळेकडून "दोन हजारावर फिरवा" असं ऐकून आलात तर विचारा: दोन हजार काय? रोटरची त्रिज्या बदलली की त्याच आरपीएमला जोर वेगळा पडतो.

> तपासा: पेलेट पांढरा किंवा किंचित पिवळसर हवा. पेलेटमध्ये राहिलेलं हिमोग्लोबिन हे प्रोटीनच आहे. पुढे प्रोटीन मोजताना ते पांढऱ्या पेशींच्या प्रोटीनमध्ये धरलं जातं, भागाकाराचा खालचा आकडा फुगतो आणि एन्झाइम कमी दिसतं. वर हिमोग्लोबिन निळा प्रकाशही शोषतं. गुलाबी पेलेट म्हणजे दोन बाजूंनी खोटा कमी आकडा.

इथे थांबता येतं. कोरडा पेलेट उणे ७० अंशांना टिकतो. फक्त रुग्णाचा गोठवलेला आणि निरोगी माणसाचा ताजा अशी जोडी लावू नका. दोन्हींना एकच वागणूक द्या.

## ४. पेशी फोडणं आणि प्रोटीन मोजणं

पेलेटवर थंड शुद्ध पाणी ०.४ ते ०.५ मिलि घाला. ट्यूब बर्फात धरून सोनिकेटरचे ५ सेकंदांचे तीन छोटे झटके द्या, प्रत्येक दोन झटक्यांत अर्धा मिनिट थांबा. फेस आला किंवा ट्यूब कोमट लागली तर झटका जास्त झाला. सोनिकेटर नसेल तर गोठवणं-वितळवणं पाच-सहा वेळा करा, पण मग सगळे नमुने आणि संदर्भ आकडेही त्याच पद्धतीचे हवेत.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. पेशी फोडल्यावर सवयीने पुन्हा जोरात फिरवतात आणि वरचं नितळ द्रावण वापरतात. बीटा-ग्लुकोसिडेझ पेशीतल्या पडद्यांना चिकटून राहणारं एन्झाइम आहे. पाण्यात फोडलेल्या पेशी फिरवल्या की त्यातलं बरंचसं तळाशी जातं आणि तुम्ही ते टाकून देता. इथे गढूळ द्रावण तसंच, प्रत्येक वेळी हलवून वापरायचं. पाण्यात सहज राहणाऱ्या एन्झाइमची पद्धत वाचून आलेल्यांना हे खटकतं, पण या एन्झाइमसाठी तेच बरोबर आहे.

प्रोटीन लॉरी पद्धतीने मोजा, बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनच्या स्टँडर्डवर, प्रत्येक नमुना दोन पातळ्यांवर विरळ करून. दोन्ही उत्तरं १० टक्क्यांत जुळली पाहिजेत. डिटर्जंट लॉरीत गडबड करतं, म्हणून पेशी पाण्यात फोडतो आणि डिटर्जंट (टॉरोकोलेट) सब्स्ट्रेटमध्ये ठेवतो. नंतर सगळे नमुने थंड पाण्याने १ मिलिग्रॅम प्रति मिलि वर आणा.

## ५. प्लेट लावणं

काळी, सपाट तळाची प्लेट घ्या. पारदर्शक प्लेटमध्ये शेजारच्या खळग्याची चमक गळते. रुग्णाच्या खळग्याशेजारी मोठं स्टँडर्ड असेल तर त्याचा आकडा विनाकारण चढतो.

प्रत्येक प्लेटवर हे असू द्या: प्रत्येक नमुना तीन खळग्यांत, प्रत्येक नमुन्याचा स्वतःचा ब्लँक दोन खळग्यांत, प्रवासात सोबत आलेला निरोगी नमुना, तुमच्या साठ्यातला नेहमीचा निरोगी नमुना, शक्य असल्यास निदान झालेल्या रुग्णाचा गोठवलेला नमुना, आणि स्टँडर्ड.

१. नमुन्याच्या खळग्यात २० मायक्रोलिटर नमुना, म्हणजे २० मायक्रोग्रॅम प्रोटीन. प्लेट बर्फावर.

२. सगळ्या नमुन्यांच्या आणि ब्लँकच्या खळग्यांत ४० मायक्रोलिटर सब्स्ट्रेट. ब्लँकमध्ये आत्ता नमुना घालायचा नाही. सब्स्ट्रेटला फेस येतो, म्हणून पिपेटचं बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबू नका.

३. प्लेटवर चिकटपट्टी लावून ३७ अंशांवर बरोबर १ तास. पट्टी नसेल तर कडेच्या खळग्यांतलं पाणी उडतं आणि कडेचे आकडे वेगळे येतात. ब्लँकचे नमुने तेवढा वेळ वेगळ्या ट्यूबमध्ये त्याच तापमानाला ठेवा.

४. ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने सब्स्ट्रेट घातला त्याच क्रमाने, त्याच वेगाने थांबवायचं द्रावण २०० मायक्रोलिटर घाला.

५. आता ब्लँकमध्ये त्याचा २० मायक्रोलिटर नमुना घाला.

६. स्टँडर्डच्या खळग्यांत ०, २.५, ५, १०, २५ आणि ५० मायक्रोमोलर ४-एमयू २० मायक्रोलिटर, सब्स्ट्रेट नसलेला बफर ४० आणि थांबवायचं द्रावण २००. म्हणजे खळग्यात ० ते १ नॅनोमोल.

सगळ्यांसाठी एकच "पाण्याचा ब्लँक" ठेवायचा आळस करू नका. सब्स्ट्रेट ठेवल्या ठेवल्या थोडा तुटतो आणि नमुन्याचीही स्वतःची थोडी चमक असते. ही दोन्ही एकत्र वजा होतात ती फक्त नमुन्याच्या स्वतःच्या ब्लँकमधूनच. रुग्णाचा आकडा ब्लँकच्या जेमतेम वर असतो, त्यामुळे निदानच ब्लँकवर अवलंबून आहे.

> तपासा: पद्धत पहिल्यांदा बसवताना निरोगी नमुना ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटं, आणि ५ ते ४० मायक्रोग्रॅम प्रोटीन असा चालवा. दोन्ही आलेख सरळ रेषेत हवेत. रेषा वाकत असेल तर १ तास आणि २० मायक्रोग्रॅम ही मापं तुमच्यासाठी नाहीत.

याच दिवशी, याच पेशींतून साक्षीदार एन्झाइमही मोजा, म्हणजे नमुना खराब झालाय का हे सांगणारं दुसरं एन्झाइम: बीटा-गॅलॅक्टोसिडेझ, ४-एमयू-गॅलॅक्टोसाइडवर, पीएच ४ च्या आसपास. काही जण हेक्झोसॅमिनिडेझ घेतात. त्याचा एक प्रकार उष्णता बराच सहन करतो, त्यामुळे खराब झालेल्या नमुन्यातही तो चांगला दिसू शकतो. साक्षीदार नाजूक हवा.

## ६. यंत्रावर वाचन

बुडबुडे बघा. असतील तर प्लेट मिनिटभर हळू फिरवा किंवा स्वच्छ सुईने फोडा. उत्तेजन ३६५, उत्सर्जन ४५०. गेन, म्हणजे चमक किती पटीने वाढवून दाखवायची ते, यंत्राला आपोआप ठरवू देऊ नका. सर्वात मोठ्या स्टँडर्डवर एकदा ठरवून तोच कायम ठेवा, नाहीतर आजची प्लेट कालच्या प्लेटशी ताडता येणार नाही. थांबवल्यापासून ३० मिनिटांत वाचा, तोवर प्लेट अंधारात ठेवा.

## ७. हिशेब

समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. स्टँडर्डच्या रेषेचा उतार दर नॅनोमोलला १२,००० एकक. निरोगी नमुन्याची सरासरी २,९४०, त्याचा ब्लँक ४२०. उरले २,५२०, म्हणजे ०.२१ नॅनोमोल. भागिले १ तास, भागिले ०.०२ मिलिग्रॅम: १०.५ नॅनोमोल प्रति तास प्रति मिलिग्रॅम प्रोटीन. दुसऱ्या नमुन्यात ६१०, ब्लँक ४३०. उरले १८०, म्हणजे ०.०१५ नॅनोमोल, उत्तर ०.७५.

चुका इथेही ठरलेल्या आहेत. मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम न करणं. वेळ मिनिटांत धरणं. काही जण खळग्यातल्या २६० मायक्रोलिटरने पुन्हा गुणतात. आपलं स्टँडर्ड थेट नॅनोमोलमध्ये आहे, त्यामुळे त्या गुणाकाराची गरज नाही. तीन खळग्यांतला एक खूप वेगळा असेल तर तो खोडून पुढे जाऊ नका, नमुना पुन्हा लावा.

## ८. आकडा वाचणं आणि अहवाल

आधी साक्षीदार बघा. बीटा-ग्लुकोसिडेझ कमी, बीटा-गॅलॅक्टोसिडेझ चांगलं, सोबत प्रवास केलेला नमुना चांगला, पेलेट पांढरा: हा आकडा विश्वासाचा. दोन्ही एन्झाइम कमी असतील तर "गॉशर" हा शब्द अहवालात लिहू नका, "नमुना अयोग्य, नवा नमुना पाठवावा" लिहा. कमी आलेला प्रत्येक आकडा दुसऱ्या दिवशी, त्याच पेशींतून, नव्या सब्स्ट्रेटने पुन्हा काढा.

संदर्भ आकडे स्वतःच्या प्रयोगशाळेत, निरोगी माणसांवर बसवलेले हवेत. दुसऱ्या ठिकाणचे छापील आकडे उचलू नका, कारण टॉरोकोलेट, फोडण्याची पद्धत आणि प्रोटीनची पद्धत बदलली की आकडे सरकतात.

वाहक ओळखायला ही चाचणी वापरू नका. वाहकांचे आणि निरोगी माणसांचे आकडे एकमेकांत मिसळतात. आईवडिलांना "तुम्ही वाहक नाही" असं या आकड्यावरून सांगणं चूक आहे, त्यासाठी जीबीए१ जनुकाची तपासणीच हवी.

उलट बाजूही लक्षात ठेवा. सॅपोसिन-सी हे मदतनीस प्रोटीन नसल्यामुळे होणाऱ्या दुर्मीळ गॉशरमध्ये एन्झाइम शाबूत असतं. प्लेटवर टॉरोकोलेट त्या मदतनिसाचं काम करतं आणि आकडा सामान्य येतो. पांथरी मोठी, हाडं दुखतात, रक्त कमी आणि आकडा चांगला, असं असेल तर गोठवलेल्या प्लाझ्मात कायटोट्रायोसिडेझ मोजा. उपचार न घेतलेल्या गॉशरमध्ये ते खूप वाढलेलं असतं. मात्र जनुकातल्या बदलामुळे साधारण ६ टक्के लोकांत कायटोट्रायोसिडेझ मुळातच नसतं, त्यांच्यात शून्य आकड्याला अर्थ नाही. अशा वेळी अहवालात "एन्झाइम सामान्य, पण लक्षणांशी मेळ नाही, जनुकीय तपासणी करावी" हे वाक्य लिहा, नुसतं "सामान्य" नको.

अहवालावर पाच गोष्टी छापा: नमुना घेतल्याची आणि पेशी वेगळ्या केल्याची वेळ, पेलेटचा रंग, साक्षीदार एन्झाइमचा आकडा, सोबतच्या निरोगी नमुन्याचा आकडा, आणि रक्त चढवल्याची नोंद. उरलेला पेलेट आणि प्लाझ्मा नाव-तारखेसह उणे ७० अंशांत ठेवा. जनुकीय तपासणीचं उत्तर आल्यावर बरेचदा डॉक्टर पुन्हा फोन करतात.